विटेआधीचा हिशेब

वडाळ्याच्या पश्चिमेला, पाच उद्यानांच्या आसपास, रुंद सज्जांच्या दोन-तीन मजली जुन्या इमारती अजून उभ्या आहेत. पूर्वेला भक्ती पार्क आणि ट्रक टर्मिनलच्या बाजूस चाळिशी ओलांडणारे मनोरे उठले आहेत. पश्चिमेची वस्ती ही १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाच्या दादर-माटुंगा-शीव आखणीतून आली. पूर्वेचे मनोरे या शतकातले. दोन्हींच्या बांधणीत, सामानात, उंचीत काहीही सारखे नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच घडली. पहिली वीट लागण्याच्या कित्येक महिने आधी कोणीतरी कागदापुढे बसून ती इमारत संपूर्ण उभी केली होती: विटा किती, खडी किती ब्रास, सळई किती टन, गवंड्याचे दिवस किती आणि या सगळ्याचे रुपये किती. आराखडा काढणाऱ्याचे नाव कोनशिलेवर येते, कंत्राटदाराचे नाव फलकावर येते. हा हिशेब करणाऱ्याचे नाव सहसा कोठेच येत नाही.

बांधकामाच्या खर्चाचा आगाऊ अंदाज करणाऱ्या या माणसाला मुंबईत एस्टिमेटर म्हणतात. कोठे ‘क्यूएस’ म्हणजे क्वांटिटी सर्व्हेअर म्हणतात, कोठे टेंडर इंजिनिअर. दहावी-बारावीनंतर मुलामुलींनी काय करावे याची चर्चा घरोघरी होते तेव्हा सीए, डॉक्टर, संगणक यांपलीकडे जी नावे निघतात त्यांत हे नाव क्वचितच असते. वस्तुतः शहराच्या या पट्ट्यात एवढे बांधकाम चालू असताना या कामाच्या जाणकारांची उणीव ही कंत्राटदारांच्या कार्यालयांत नेहमी ऐकू येणारी तक्रार आहे. अभियंते भरपूर मिळतात. छातीवर हात ठेवून आकडा सांगणारा मिळत नाही.

या कामाची परंपरा महाराष्ट्रातील जैन वाचकांना परकी वाटू नये. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना जहाजे, विमाने आणि मोटारी यांमुळे सगळे ओळखतात. त्यांची सुरुवात मात्र रेल्वेच्या कंत्राटदारीतून झाली. रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटे घेऊ लागलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर विशीतल्या वालचंदांनी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ‘फाटक-वालचंद’ हे नाव रुजू लागले. त्या काळच्या रेल्वे-कंत्राटाचा गाभा म्हणजे मातीकाम. भरावासाठी माती खणताना खड्ड्यात मधूनमधून मातीचे खुंट तसेच उभे ठेवीत, म्हणजे किती खोल खणले हे नंतर मोजता येई. ते खुंट मोजून मजुरांचे पैसे ठरत आणि कंत्राटदाराचे बिलही. ज्याने जमीन पाहून माती, मुरूम आणि कातळ यांचे प्रमाण आधी बरोबर ओळखले तो टिकला. ज्याने मातीचा दर लावला आणि खाली कातळ लागला, तो बुडाला. पुढे बोरघाटातील बोगदे, मुंबईला तानसाचे पाणी आणणाऱ्या नळवाहिन्या अशी कामे वालचंदांच्या कंपन्यांनी केली आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. बोगद्याची निविदा भरणे म्हणजे न दिसणाऱ्या डोंगराच्या पोटाची किंमत लावणे. त्या धाडसामागे जो हिशेब होता, तोच आज एस्टिमेटरचा धंदा आहे.

नवशिक्याच्या हाती पहिल्या दिवशी पडते ती आराखड्यांची गुंडाळी, हल्ली बहुधा संगणकावरची फाइल, आणि काम दिले जाते मोजणीचे. आराखड्यावरून प्रत्येक कामाचे परिमाण काढायचे: खोदाई घनमीटरमध्ये, काँक्रीट घनमीटरमध्ये, गिलावा चौरस मीटरमध्ये, सळई किलोमध्ये, दरवाजे नगावर. ऐकायला हे शाळेतील क्षेत्रफळ-घनफळाचे गणित वाटते, आणि निम्मे ते असतेच. उरलेले निम्मे समजावून घेण्यासाठी एका भिंतीचे उदाहरण पुरेसे आहे.

समजा, चार मीटर लांब, तीन मीटर उंच, वीस सेंटिमीटर जाडीची विटांची भिंत आहे आणि तिच्यात एक मीटर रुंद, २.१ मीटर उंच दरवाजा आहे. (लिंटेलचा भाग तूर्त बाजूला ठेवला आहे.) भिंत बारा चौरस मीटरची, दरवाजाचे २.१ वजा केले की ९.९ उरतात. जाडीने गुणले की १.९८ घनमीटर विटकाम. प्रमाणित आकाराच्या विटा घनमीटरला सुमारे पाचशे लागतात, म्हणजे ९९० विटा. फुटतुटीचे पाच टक्के धरले की १,०४० मागवाव्या लागतील. आता गिलावा. भिंतीला दोन बाजू, म्हणून चोवीस चौरस मीटर. दरवाजा वजा करायचा तो एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा? कोणीही शहाणा माणूस दोन्ही बाजूंचा म्हणेल आणि १९.८ चौरस मीटर लिहील. ते चूक आहे. मोजमापाचे नियम भारतीय मानक १२०० या मालिकेत दिलेले आहेत. त्यांतील गिलाव्याच्या नियमानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडीप वजाच करायची नाही. अर्ध्या ते तीन चौरस मीटरची उघडीप एकाच बाजूने वजा करायची. आणि तीनपेक्षा मोठी असेल तर दोन्ही बाजूंनी वजा करून आतल्या कडांचा गिलावा वेगळा मोजायचा. दरवाजा २.१ चौरस मीटरचा, म्हणून एकाच बाजूची वजाबाकी: उत्तर २१.९.

हा नियम कारकुनी वाटतो. त्यामागे गवंड्याचा हात आहे. दरवाजाच्या आतल्या कडा सरळ, ओळंब्यात, धारदार काढायला सपाट भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो; त्या कडा प्रत्येक वेळी मोजत बसण्याऐवजी एका बाजूची वजाबाकी सोडून दिली आणि दोघांचेही भांडण मिटवले. मानकातील बहुतेक नियम असेच, जुन्या भांडणांतून तडजोडीने आलेले आहेत. ते पाठ करणारा विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होतो. ते कोणत्या भांडणातून आले हे ज्याला कळते तो एस्टिमेटर होतो.

सळईचे वजन काढण्याचे सूत्रही तसेच. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचे, की एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो भरते, सोळाची १.५८. साइटवरील अल्पशिक्षित मुकादमालाही हा १६२ पाठ असतो. पण तो कोठून आला हे पदविकाधारक मुलाला सांगता येत नाही असे मुलाखतींत वारंवार दिसते. पोलादाचे वजन घनमीटरला ७,८५० किलो धरून वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले की पाच मिनिटांत तो आकडा आपोआप पुढे येतो. ही पाच मिनिटे एकदा खर्च केलेली बरी.

परिमाणानंतर येतो दर, आणि येथे व्यापारी घरातल्या मुलाला एक पाऊल पुढचा आरंभ मिळतो. ज्या घरी हार्डवेअरचे, लोखंडाचे, फरशीचे वा रंगाचे दुकान आहे तेथे मूल वाढतेच भावांच्या बोलण्यात. एकाच वस्तूचा गाडीभर घेतल्यास एक भाव असतो आणि दहा नगांना दुसरा. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा. वाहतूक कोणाकडे, उतराई कोणाकडे, यावर भाव फिरतो. हे सगळे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. महाविद्यालयातून आलेल्या मुलाला नेमके हेच शिकवावे लागते. पण दुकानाचा हिशेब विकलेल्या मालावर थांबतो. बांधकामाचा दर तेथे सुरू होतो.

एक घनमीटर काँक्रीटचा दर कसा बनतो? एकास दीड, तीन या प्रमाणाचे काँक्रीट घेतले तर ओल्या एका घनमीटरसाठी कोरडे साहित्य सुमारे १.५४ घनमीटर लागते, कारण खडीच्या फटींत रेती आणि रेतीच्या फटींत सिमेंट जाऊन बसते. १.५४ ला साडेपाचाने भागले की सिमेंट ०.२८ घनमीटर, म्हणजे पन्नास किलोच्या साधारण आठ गोण्या. रेती आणि खडी त्याच हिशेबाने. बाजारात ही दोन्ही अजून ब्रासवर चालतात आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर, मोजमाप मेट्रिकमध्ये आणि खरेदी ब्रासमध्ये, हा गोंधळ प्रत्येक नवशिक्याला एकदा तरी नडतो. मग मजुरी: मिस्त्री, बिगारी, पाणी मारणारा. सेंट्रिंग वेगळे. व्हायब्रेटरचे भाडे, डिझेल, पाणी. त्यावर कार्यालयाचा खर्च आणि कंत्राटदाराचा नफा. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने आलेला एक टक्का उपकर. आणि जीएसटी. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्या तारखेआधी भरलेल्या आणि नंतर चालू राहिलेल्या कामांत फरकाची रक्कम कोणाची, हा प्रश्न करारातील एका कलमावर येऊन थांबतो. ते कलम वाचण्याची सवयही एस्टिमेटरलाच लावून घ्यावी लागते.

शासकीय कामांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते, मुंबई महानगरपालिकेची तिची स्वतःची असते. कामाचे वर्णन, एकक आणि दर असे रकाने, शेकडो पाने. नवखा माणूस तिला पंचांग समजतो: पान उघडले, दर मिळाला, लिहिला. ती वाचायची असते ती टिपांसह. दरात किती अंतरापर्यंतची वाहतूक धरली आहे, किती उंचीपर्यंत माल चढवणे धरले आहे (साइटच्या भाषेत लीड आणि लिफ्ट), जुने सामान कोणाचे, पाणी कोणाचे. राज्याच्या बी-१ निविदेत कंत्राटदार दरसूचीच्या अंदाजापेक्षा इतके टक्के वर किंवा खाली एवढेच सांगतो. बी-२ मध्ये प्रत्येक कामाचा दर स्वतंत्र भरतो. पहिल्या प्रकारात बोलीचा आकडा एका ओळीचा असतो आणि म्हणूनच तो लिहिण्यापूर्वी शेकडो ओळी तपासाव्या लागतात.

वडाळ्यात हे काम शिकणाऱ्याला आणखी एक शिक्षक लाभतो: जमीन. अँटॉप हिलच्या अंगाला खडक लवकर हाती लागतो. शिवडी आणि खाडीच्या दिशेने गेले की जुनी मिठागरे, दलदल आणि मऊ सागरी चिकणमाती. तेथे भार पेलणारा खडक कित्येक मीटर खाली. दोन भूखंडांमधले अंतर चालत काही मिनिटांचे, वरची इमारत अगदी सारखी, तरी एकीचा पाया साधा आणि दुसरीला खोलवर पाइल. म्हणून बोअरचा अहवाल हाती नसताना पायाचा आकडा सांगणे हे येथे सर्वांत धोक्याचे काम आहे. त्यातच भूजल वर. भरतीच्या वेळी खड्ड्यात पाणी भरते, पंप रात्रंदिवस चालवावे लागतात. आराखड्यावर पाया दिसतो. पंप आणि त्याचे डिझेल आराखड्यावर कोणी काढत नाही.

न दिसणाऱ्या गोष्टींची ही यादी मोठी आहे आणि अंदाज चुकतो तो बहुधा येथेच. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत बाहेरची परांची, खाली जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी संरक्षक छत, तोडलेल्या गिलाव्याचे डेब्रिज गोणीत भरून जिन्याने उतरवणे, ते टाकण्याची परवानगी आणि भाडे. अरुंद गल्लीत ट्रक शिरत नाही, म्हणून नाक्यावर उतरवून हातगाडीने आणणे. दिवसा अवजड वाहनांना बंदी, म्हणून माल रात्री येणार आणि तो उतरवून घ्यायला रात्रीचे मजूर. सामान ठेवायला जागा नाही, म्हणून सिमेंट थोडे थोडे आणि म्हणून महाग. जून ते सप्टेंबर बाहेरचे काम बंद, पण परांचीचे भाडे चालूच. परिमाण काढण्यात पाच टक्के चूक झाली तर बहुधा निभावते. परांचीची ओळच राहून गेली तर कंत्राटदाराचा सगळा नफा तिच्यात जातो.

म्हणूनच या क्षेत्रातील जुनी मंडळी नव्याला पहिली दोन वर्षे कार्यालयात बसू देत नाहीत. बिलिंग इंजिनिअर म्हणून साइटवर पाठवतात. झालेले काम टेपने मोजायचे, मोजमाप पुस्तिकेत लिहायचे, कंत्राटदाराच्या आणि मालकाच्या माणसांसमोर आकडा सिद्ध करायचा. पगार बेताचा, उन्हातले काम, आणि दोन्ही पक्ष रागावलेले. अनेक मुले सहा महिन्यांत कंटाळून संगणकावरच्या नोकरीकडे वळतात. त्यांची घाई समजण्यासारखी आहे. तरी ती महागात पडते. स्लॅब भरताना किती काँक्रीट पंपाच्या नळीत उरते, एका गवंड्याच्या हातून दिवसात किती गिलावा होतो, पावसाळी दिवशी किती बिगारी येत नाहीत, हे आकडे कोणत्याही पुस्तकात खरे छापलेले नसतात. ते बघूनच येतात. एक्सेल, ऑटोकॅड, रेव्हिट, कॉस्टएक्स यांसारखी साधने शिकावीच लागतात आणि ती काही महिन्यांत येतात. त्रिमितीय आराखड्यावरून परिमाणे आता संगणक क्षणात काढतो. त्यामुळे नुसती मोजणी करणाऱ्याची गरज कमी होणार हे उघड आहे, आणि आराखड्यात काय दाखवायचे राहिले हे ओळखणाऱ्याची किंमत वाढणार हेही तितकेच उघड आहे.

शिक्षणाचे मार्ग एकाहून अधिक आहेत. दहावीनंतर स्थापत्य अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका, किंवा आयटीआयमधील आरेखक वा सर्वेक्षकाचा अभ्यासक्रम; बारावीनंतर चार वर्षांची पदवी. वडाळ्याच्या मुलांना तर घराशेजारी व्हीजेटीआय आहे. १८८७ मध्ये भायखळ्यात सुरू झालेली आणि १९२३ मध्ये माटुंग्याला आलेली ही संस्था आता वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करते. पाच उद्यानांतून रमतगमत चालत तेथे पोहोचता येते. सांगलीचे वालचंद महाविद्यालय दक्षिण महाराष्ट्रातील घरांना परिचित आहेच. अभ्यासक्रमात अंदाज आणि मूल्यनिर्धारण हा विषय असतो. विद्यार्थी तो गुण मिळवून देणारा म्हणून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पदवीनंतर बांधकाम व्यवस्थापनाचा अभ्यास निकमारसारख्या संस्थेत करता येतो, आणि पुढे १८६८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्सचे सदस्यत्व मिळवले तर आखाती देशांत त्याला मान आहे. बीकॉम झालेल्या मुलांनाही मार्ग पूर्ण बंद नाही. कंत्राटदाराच्या खरेदी-विभागातून आत शिरून मोजणी शिकलेली माणसे या धंद्यात आहेत. त्यांना आराखडा वाचायला वेळ लागतो, पण पुरवठादाराचे कोटेशन ते इतरांपेक्षा बारकाईने वाचतात. मुलींनी या क्षेत्राला केवळ उन्हाच्या भीतीने बाद करू नये. निविदा-विभागांतून आज त्या आत्मविश्वासाने बसलेल्या दिसतात, आणि साइटची दोन वर्षे त्यांनाही चुकलेली नाहीत.

आकडा तयार झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि ती गणिताची नसते. निविदा भरण्याच्या आदल्या संध्याकाळी मालक विचारतो, ‘यात अजून किती कमी होईल?’ काम हवे असते, स्पर्धक खाली जाणार असतो, आणि कागदावर कमी करणे ही जगातील सर्वांत सोपी गोष्ट असते. फुटतुट पाच टक्क्यांवरून दोनवर आणा. मजुराचे दिवस कमी धरा. पंप काढून टाका. पाऊस उशिरा येईल. दरसूचीपेक्षा फार खाली जाणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव घेण्याचे नियम शासनाने केले, ते याच ओढीला आवर घालण्यासाठी. तरीही काम फार खाली घेतले जाते, आणि मग जी रक्कम हिशेबात नव्हती ती कोठून तरी भरून काढावी लागते: सिमेंटमधून, सळईतून, मजुराच्या हक्कातून, नाहीतर काम अर्धवट सोडून. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक-मानोन्मान’ म्हणजे खोटी मापे वापरणे सांगितले आहे, आणि त्याला लागूनच येतो ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे खऱ्याच्या जागी नकली माल खपवणे. बांधकामात पहिल्यातून दुसरा जन्मतो. खोट्या परिमाणाने सुरू झालेल्या कामाला खरा माल परवडतच नाही.

कागदावर अगदी प्रामाणिक असलेला अंदाजही काळ चुकवतो, हे वांद्रे-वरळी सागरी सेतूने दाखवले. सुरुवातीचा अंदाज सुमारे ६६० कोटी रुपयांचा होता. २००९ मध्ये सेतू खुला झाला तेव्हा खर्च सुमारे १,६०० कोटींवर गेलेला होता. आराखड्यातील बदल, न्यायालयीन अडथळे, लांबलेली वर्षे आणि त्या वर्षांचे व्याज. तो बांधला हिंदुस्थान कन्स्ट्रक्शननेच. सळई आणि सिमेंट मोजणे जमले तरी वेळेची किंमत मोजणे राहून जाते, हे एवढ्या मोठ्या आकड्यात सहसा दिसत नाही.

लहान आकड्यात ते घरोघरी दिसते. वडाळा, माटुंगा, शीव या पट्ट्यात पुनर्विकासाला निघालेल्या जुन्या इमारती असंख्य. सभासदांच्या सभेत विकासकाचे प्रस्ताव वाचले जातात: इतके जादा चौरस फूट, इतके भाडे, इतका कॉर्पस. टाळ्या पडतात त्या सर्वांत मोठ्या आकड्याला. राज्याच्या सहकार विभागाच्या ४ जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेने स्वतःचा वास्तुविशारद वा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमून व्यवहार्यता तपासायची असते. त्या अहवालातील बांधकाम-खर्चाचे पान बहुतेक सभासद उलटून पुढे जातात. त्या पानावर बांधकामाचा दर खऱ्यापेक्षा कमी धरलेला असेल, तर कागदावर नफा दिसतो, सर्वांना सगळे देता येते आणि दोन वर्षांनी, इमारत पाडून झाल्यावर, पैसा संपतो. भाड्याचे धनादेश थांबतात. सत्तरी ओलांडलेली माणसे भाड्याच्या घरात उरलेली वर्षे मोजतात. अशा वेळी सगळा राग विकासकावर निघतो, आणि पुष्कळदा तो रास्तही असतो. पण तो आकडा कोणीतरी लिहिलेला होता आणि सभेत बसलेल्या कोणीही तो तपासलेला नव्हता, हेही खरे.

संस्थेच्या सभेत ते पान वाचू शकणारा एक सभासद असणे ही मोठी गोष्ट आहे. या धंद्यात दोन-तीन वर्षे काढलेला पंचविशीचा मुलगाही ते वाचू शकतो. सळईचे प्रमाण चौरस फुटाला किती धरले आहे, पाइलचा खर्च बोअरच्या अहवालावरून काढला आहे की ढोबळ, भाववाढीची तरतूद किती, विलंब झाल्यास भाड्याचा बोजा कोणाच्या खात्यात: हे चार प्रश्न त्याने विचारले की सभेचा सूर बदलतो. त्याला उद्धट म्हणतील, ‘आमच्या सल्लागारावर तुझा विश्वास नाही का’ असेही विचारतील.

या मार्गाने निघालेल्याला पहिल्या महिन्यापासून एक वही ठेवायला सांगतात, आणि ती सूचना फार कमी जण पाळतात. वहीत तारीख घालून भाव लिहायचे, कोणाकडून मिळाले ते लिहायचे. गवंड्याचे दिवसाचे काम लिहायचे. आणि स्वतः केलेल्या प्रत्येक अंदाजापुढे एक रकाना कोरा सोडायचा. काम पुरे झाले, अंतिम बिल निघाले, की मूळ आकड्यासमोर त्या रकान्यात प्रत्यक्ष आकडा भरायचा, ओळीओळीने. काम संपेपर्यंत माणूस बहुधा दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो. तरी जुन्या साइटवर ओळखीच्या मुकादमाला फोन करून तो आकडा मागवून घेता येतो. पाचव्या-सहाव्या वर्षी नोकरी बदलताना काही अनुभवी मालक पदवीच्या कागदाआधी ती वही पाहायला मागतात, आणि पाहतात तो उजवीकडचा रकाना: तो भरलेला आहे की नाही, आणि डावीकडच्या आकड्यांवर मागाहून खाडाखोड केलेली नाही ना.